नायनांच्या शेजारची जागा

ज्या माणसाला जन्मभर कुणी गोरा म्हटलं नाही, त्याला मेल्यावर गोरा करायचं काम माझ्याकडं येतं. मी ऑईल पेंटमध्ये माणसं काढतो. सोलापुरातल्या शाळांच्या हॉलमधले संस्थापक, पतसंस्थांचे माजी अध्यक्ष आणि घराघरांत चंदनाच्या हाराखाली बसलेले आजोबा यांच्यातले बरेच जण माझ्या हाताखालून गेले आहेत. गिऱ्हाईक येतं, पासपोर्ट फोटो टेबलावर ठेवतं आणि माझ्या तोंडाकडं न बघता म्हणतं, "पेंटर, जरा उजळ करा." फोटो बाईचा असेल तर त्याच दमात, "आणि अंगावर थोडं सोनं घाला." पुरुषाचा असेल तर, "मिशी जरा भरघोस येऊ द्या."

मी घालत आलो. चाळीस वर्षांत मी बायकांच्या गळ्यात जेवढं सोनं घातलं तेवढं सराफ बाजारातही नसेल. ज्यांच्या ओठावर कधी धड लव फुटली नाही, अशा माणसांना मी झुबकेदार मिशा दिल्या. एका हेडमास्तरांच्या मिशा तर इतक्या जोरकस झाल्या, की चित्र लावल्यावर त्यांच्या बायकोने मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण बसलंय?" मुलगा म्हणाला, "बाबा." बाई म्हणाल्या, "मग मला आधी का नाही दाखवले असे?"

आमचा धंदा बाहेरच्यांना मोठा गूढ वाटतो, पण त्यात गूढ काही नाही. फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे. तेवढेच चौकोन मोठे करून कॅनव्हासवर आखायचे. मग इकडच्या एकेका घरातलं नाक, कान, भुवई उचलून तिकडच्या घरात नेऊन ठेवायची. त्यावर पातळ तपकिरी रंगात सावल्या आणि शेवटी कातडीचा रंग. जवसाचं तेल आणि टर्पेन्टाईन घालून कालवलेला हा रंग सावकाश वाळतो, म्हणून सोलापूरचं ऊन आमच्या फार उपयोगाचं. मात्र त्याच उन्हाबरोबर धूळही येते, आणि ओल्या गालावर बसलेली धूळ काढताना जीव मेटाकुटीला येतो. एक सोय आहे. ऑईलमध्ये चुकलेलं खरवडता येतं.

माझे उस्ताद पूर्वी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. ते त्यांच्या दखनीत सांगायचे, "मूं गिऱ्हाईक का रहता, हातां अपने रहते." म्हणजे चेहऱ्यात गिऱ्हाईक शंभर खोड्या काढेल, पण हाताकडं कुणी बघत नाही, तिथं आपल्याला खरं काढायची मोकळीक. मी ती मोकळीक मनसोक्त घेतली. माझ्या चित्रांतली तोंडं गोरी आहेत, पण हात ज्याचे त्याचे आहेत.

एकदाच मी हातसुद्धा खोटे काढले, आणि ते माझ्या आईचे. आम्ही सांगोल्याकडचे धनगर. आईचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. ती गेली तेव्हा माझं नाव झालं होतं, शहरात दुकान होतं. मी तिला मोरपंखी रेशमी लुगडं नेसवलं, गोंदण सगळं पुसलं आणि अंगाला गव्हाळ रंग दिला. माझी थोरली बहीण गावाहून आली, चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "लई देखणी हाय रं बाई. पर कुणाची हाय?" मी म्हटलं, आक्के, आपली आय. ती म्हणाली, "आपली आय अशी न्हाय. हिला मेंढराचा वास तरी येईल का?" ते चित्र मी उतरवून ठेवलं. दुसरं काढायला धीर झाला नाही, आणि याची खंत मला आजही आहे.

आता ज्या कामाबद्दल लिहायचं म्हणून बसलो, ते सांगतो.

आमच्याकडं 'फॅमिली ग्रुप' नावाचा एक प्रकार असतो. वेगवेगळ्या फोटोंतली माणसं उचलून एका चित्रात शेजारी शेजारी बसवायची. यात गिऱ्हाईक काय वाटेल ते मागतं. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बापाच्या मांडीवर काल जन्मलेला नातू हवा असतो. विधवा आई नवऱ्याशेजारी बसवायची तर कुंकू लावायचं की नाही, असा प्रश्न नव्या पेंटरला पडतो. जुन्याला पडत नाही. चित्रात नवरा जिवंत आहे ना, मग कुंकू लावायचं. चित्रात सगळेच जिवंत असतात. ग्रुपला हार घालायचा नसतो, एवढा एक नियम.

असा एक ग्रुप काढून घ्यायला यंदा माघात श्रीनिवास आला. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकरांचं घराणं. वडील अंबादास, एका कारखान्यात चादरींच्या मागावर मास्तर होते. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. आई विड्या वळायची, अजूनही हात थांबत नाहीत म्हणून वळते. श्रीनिवासने टॉवेलचा छोटा कारखाना काढला, चांगला चालला, आणि विडी घरकुल वसाहतीकडं नवीन घर बांधलं. वैशाखात वास्तुशांत होती. हॉलच्या भिंतीवर त्याला पाच फुटी चित्र हवं होतं.

त्याने फोटो मांडले. मध्यभागी खुर्चीत वडील, त्यांना घरात नायना म्हणत. मांडीवर श्रीनिवासचा दोन वर्षांचा मुलगा. शेजारी आई, मागं श्रीनिवास आणि त्याची बायको. शेवटी त्याने खिशातून एक कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढला. विशीतला कोवळा पोरगा, मान जराशी खाली.

"हा आमचा थोरला," श्रीनिवास म्हणाला. "नायनांच्या उजव्या हाताला उभा करा. आणि बारीक मिशी घाला की काका. बरं दिसेल."

"असतो कुठं?"

"बाहेर असतो," असं म्हणून त्याने विषय आईच्या साडीवर नेला. आईला हिरवी नऊवारी, नाकात मोत्याची नथ, कपाळावर चंद्रकोर. वडिलांना फेटा. "आता सगळे असंच काढतात की ओ," तो म्हणाला. मी मान डोलावली. माझी मान त्या कामात तयार आहे.

महिन्याभरात चित्र बरंच पुढं गेलं. फेटा आणि नथ बाकी होती, बाकीचे चेहरे जवळजवळ पुरे. ओलं चित्र नेहमी भिंतीकडं तोंड करून ठेवायचं, हा आमचा रिवाज; गिऱ्हाइकाने दुसऱ्याचं अर्धवट घरदार बघू नये म्हणून. त्या दिवशी मिशी लवकर वाळावी म्हणून मी ते दाराच्या वाऱ्याला, रस्त्याकडं तोंड करून ठेवलं होतं. माझी चूक ती एवढीच.

सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई आली. तिशी ओलांडलेली, साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. "काका, माझं एकटीचं चित्र काढायचंय, भेट द्यायला," असं म्हणत तिने मोबाईल पुढं केला आणि तिची नजर दाराकडं गेली. मग मोबाईल तसाच हातात धरून ती चित्राजवळ गेली.

"नायना," ती म्हणाली. "खिशात पेन्सिलसुद्धा आहे."

फोटोत पेन्सिल होती म्हणून मी काढली होती. मी काही बोलायच्या आत ती एक पाऊल बाजूला सरकली.

"आणि काका, ही मिशी कुणाची?"

मी बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं, चित्रातल्या पोराकडं बघितलं. चाळीस वर्षं नाकं मोजलेला माणूस मी. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. मी खुर्ची पुढं केली आणि चहा सांगतो म्हणालो, कारण अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही.

ती हसायला लागली. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कॉलेजात असताना मिशी यावी म्हणून आमच्या घरी केवढे उपाय झाले," ती म्हणाली. "एरंडेल लावलं, कांद्याचा रस लावला. तुम्ही एका दिवसात आणलीत की!"

तिचं नाव माधवी. आधीचं नाव मला ठाऊक आहे, पण ते तिने टाकलेलं आहे, तेव्हा मीही लिहीत नाही. ती चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी करते. वडील गेल्यावर दोन वर्षांनी तिने घरी सांगितलं, की मी मुलगी आहे आणि यापुढं तशीच राहणार. श्रीनिवासने भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. त्याने फक्त तिला हाक मारणं बंद केलं. ती अक्कलकोट रोडला खोली घेऊन राहते, आणि दुपारी घरात पाहुणेरावळे नसतील तेव्हा आईजवळ जाऊन बसते.

"वास्तुशांतीला मला बोलावणं येईल की नाही, माहीत नाही," ती म्हणाली. "म्हटलं, चित्र पाठवू. चित्राला तरी बसू देतील भिंतीवर." मग ती पुन्हा मोठ्या चित्राकडं वळली. "पण काका, आता एकटीचं नको. मला ह्यातच उभी करा. नायनांच्या शेजारी, पण मी आहे तशी."

खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया धंद्याची होती. ऑर्डर भावाची, चित्र भावाचं. तसं मी बोललोही. ती म्हणाली, "मग त्याला विचारा. मी विचारलं तर तो फोन उचलत नाही." आणि निघून गेली. दिवसभर मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मिशी मात्र उत्तम वाळली.

दोन दिवसांनी श्रीनिवास आईला घेऊन आला, साडीचा हिरवा रंग पसंत करायला. आई, म्हणजे सगळ्यांची अम्मा, ठेंगणी, सावळी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, गळ्यात नुसती बारीक सोन्याची साखळी. ती चित्रापुढं उभी राहिली. मी खडूने फेट्याचा घेर, नऊवारीचा काठ आणि नथीची जागा आखून ठेवली होती.

"ही कोण?" अम्मा म्हणाली.

"अम्मा, तूच की," श्रीनिवास म्हणाला.

"मी? कुणाच्या नाटकात गेलते का मी अशी?" तिने माझ्याकडं मोर्चा वळवला. "काय ओ पेंटर, माझ्या लग्नापासनं मी दोन्हीकडं चमकी घालते. तुमी एकीकडं नथ लटकवली. आणि ह्यांना फेटा? ह्यांनी लग्नातसुद्धा बांधला न्हाई. मागाच्या पट्ट्यात अडकंल म्हणून भ्यायचे."

मला एकदम मोकळं वाटलं. चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक 'मी आहे तशी काढा' असं म्हणालं नव्हतं, आणि आता एका आठवड्यात दोन जणी. मी म्हटलं, बरं, फेटा नको, नथ नको. आणि त्याच झोकात बोलून गेलो, "माधवी येऊन गेली. तिने चित्र बघितलं."

श्रीनिवासचं तोंड उतरलं. तो दारापर्यंत जाऊन परत आला. त्याला मी वाईट म्हणणार नाही. घाबरलेला माणूस होता. सासरची मंडळी भिवंडीहून येणार, माल घेणारे व्यापारी येणार, नायनांची थोरली बहीण येणार. पण तो जे बोलला त्यात नुसती भीती नव्हती.

"काका, लोकांचं सोडा," तो म्हणाला. "नायनांनी तिला असं कधी बघितलंच न्हाई. ते गेले तेव्हा त्यांना दोन मुलगे होते. मेलेल्या माणसाच्या शेजारी त्याने न बघितलेलं माणूस कसं उभं करायचं? त्यांना विचारता येतं का आता?"

मनात आलं, पोराचं म्हणणं खोटं नाही. अम्मा स्टुलावर बसली होती. तिने चित्रातल्या खुर्चीकडं बोट केलं. विडीच्या पानाने काळपट झालेलं, टोकाला चपटं झालेलं बोट.

"आणि मांडीवर कोण बसलाय?"

"माझा मुलगा," श्रीनिवास म्हणाला.

"ह्याला बघितला होता का रे नायनांनी?"

श्रीनिवास बोटांवर वर्षं मोजायला लागला.

"ते गेल्यावर सहा वर्षांनी झाला तो. तरी तू बसवलास मांडीवर. मी काय बोलले का? मला गोड वाटलं. त्यांना नातू दाखवतोस, तर लेक बी दाखव."

एवढंच बोलून तिने पदराने तोंड पुसलं आणि मला पाणी मागितलं. जाताना श्रीनिवास दारातून, माझ्याकडं पाठ करून म्हणाला, "काढा. पण साधं काढा."

ते गेल्या गेल्या मी चाकू घेतला. वाळलेला रंग खरवडायला हलका हात लागतो, नाहीतर कॅनव्हास फाटतो. सगळ्यात आधी मिशी उतरवली. चाळीस वर्षांत शेकडो मिशा चढवल्या, उतरवायची ही पहिली. इतकं हलकं वाटलं, की मी एकटाच हसलो.

आणि एक ठरवलं, की माधवीचं चित्र फोटोवरून काढायचं नाही, तिला समोर बसवून काढायचं. मी कित्येक वर्षांत जिवंत माणूस बसवून चित्र काढलं नव्हतं. लोकांना ते आवडत नाही. भिंतीवर गेलेल्यांचीच चित्रं असतात, मग जिवंतपणी पेंटरपुढं बसायचं म्हणजे अपशकुन, अशी समजूत. माधवी तीन रविवार सकाळी आली आणि स्टुलावर बसली. "मला सहा वर्षं घरात जिवंत धरलेलंच नाही," ती म्हणाली, "अपशकुन होऊन होऊन काय होणार?"

पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीने म्हटलं, जरीची साडी नेस, रंग खुलून येईल. ती म्हणाली, "नको. रोज कामावर जाते तशीच काढा. हे ओळखपत्रसुद्धा." मी म्हटलं, अगं, फॅमिली ग्रुपमध्ये कारखान्याचं ओळखपत्र कोण घालतं! तिने ते हातात धरून मला दाखवलं. "काका, ह्याच्यावर माधवी छापून यायला मला किती कागद, किती हेलपाटे लागलेत. सोन्यापेक्षा महाग पडलंय. घाला."

मग मी घातलं. उस्तादांकडं बोर्ड रंगवताना अक्षरं शिकलो होतो, ती कामाला आली. मोहरीएवढ्या अक्षरांत मी 'माधवी' लिहिलं, दोन केसांच्या कुंचल्याने, श्वास धरून.

बसल्या बसल्या आमच्या गप्पा रंगल्या. माझे चौकोन बघून ती म्हणाली, आमच्याकडं पण असंच. चादरीवरचा मोर ती आधी चौकोनांतच काढते; एक चौकोन म्हणजे एक धागा. मागाला मोर कळत नाही, चौकोन कळतो. "एखादा चौकोन चुकला तर मोराची मान वाकडी येते, आणि हजार चादरी तशाच निघतात," ती म्हणाली. मला ही पोर आवडायला लागली होती. सुरुवातीला तिच्याशी बोलताना मी अडखळत होतो, काय विचारावं, काय विचारू नये कळत नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी तिला, हनुवटी खाली कर, सारखी बडबड करू नकोस, असं रागवायला लागलो. मी ज्याच्यावर रागावतो तो माझा झाला, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे.

चेहरा बदलायला मोठं काम पडेल अशी माझी समजूत होती. पण बदलायला निघालो तर बदलायचं फारसं काही सापडेना. नाक तेच, अंबादासांचं, मधे किंचित उंचवटा असलेलं. कपाळ अम्माचं. केस लांब केले, कानांत लहान कुड्या घातल्या, आणि मान वर केली. ओळखपत्रातल्या पोराची मान खाली होती, हिची सरळ होती. बाकी सगळं होतं तिथंच होतं. रंगही मी कुणाचा उजळला नाही. अंबादास काळे, अम्मा सावळी, पोरं दोघांच्या मधली. चित्र पुरं झालं तेव्हा मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि एकटाच त्यांच्यापुढं बसलो. खूप आनंद झाला. इतक्या वर्षांनी वाटलं, आपण पेंटर आहोत.

वास्तुशांतीला मला जेवायचं आमंत्रण होतं. चित्र आदल्या दिवशीच जाऊन लागलं होतं. मी हॉलमध्ये शिरलो तर भिंतीवर चित्राच्या जागी चादर. आमची सोलापुरी, जाडजूड, दोन खिळ्यांना लटकवलेली. श्रीनिवास माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पाहुणे जाऊ द्यात. मग काढू." आणि विचारेल त्याला तो सांगत होता, "रंग ओला हाय अजून."

ओल्या ऑईलवर चादर टाकणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता. खरंच ओला असता तर नायनांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडाला सूत चिकटलं असतं. पण पाहुण्यांना काय कळतंय! सगळे माना डोलावत होते. माधवी आली होती. अम्माने तिला सकाळीच फोन करून बोलावलं होतं. पण ती स्वयंपाकघरात होती, चिंचेच्या भाताच्या परातीशी, आणि बाहेर काही येत नव्हती.

तेवढ्यात नायनांच्या थोरल्या बहिणीने चादरीकडं काठी रोखली. सगळे तिला अत्ता म्हणत. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज मात्र मागाच्या खोलीत मुरलेला.

"चादरीखाली काय हाय?"

"अत्ता, फॅमिलीचं चित्र. रंग ओला हाय," श्रीनिवास म्हणाला.

"तुझं नको सांगू. पेंटर कोण हाय? तुमी ना? वाळलाय का न्हाई?"

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. श्रीनिवासही बघत होता, हात जोडल्यासारखा. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची मला सवय नाही. पण त्या ऑर्डरमध्ये आता गिऱ्हाईक नेमकं कोण, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं. मी अम्माकडं बघितलं. तिने नुसत्या भुवया उचलल्या.

"वाळलाय," मी म्हटलं. "कडकडीत वाळलाय."

मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार. पण श्रीनिवासने चादर ओढली. ती एका खिळ्यात अडकली. अर्धं चित्र उघडं, अर्धं झाकलेलं. दिसत होते ते नायना आणि नातू. माधवीची बाजू चादरीखालीच. तेवढ्यावर थांबता आलं असतं त्याला. तो स्टूल घेऊन आला, वर चढला आणि दुसरा खिळा स्वतःच्या हाताने सोडवला.

अत्ता काठी टेकत चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली. भावाकडं बघून तिने डोळे टिपले, अम्माच्या चमक्या मोजल्या. मग काठीचं टोक माधवीवर.

"ही कोण?"

अम्मा उठायला लागली. श्रीनिवासने स्टुलावरूनच तिला हाताने थांबवलं. "मी सांगतो," तो म्हणाला. "नायनांची लेक हाय. माधवी."

अत्ताला सगळं ठाऊक होतं की तेव्हाच कळलं, मला सांगता येणार नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "नाक आमच्याकडचंच हाय," ती म्हणाली. "मग पोर कुटं हाय? एवढा मोठा फोटो लावून तिला आत काय ठेवलंय? बाहेर बोलवा की!"

भिवंडीकडच्या दोघा-तिघांनी चपला घातल्या हेही खरं आहे. ते फाटकापर्यंत गेले, तिथं थोडा वेळ उभे राहिले, आणि पानं वाढल्याची हाक आल्यावर परत आले. बाकीचे चित्राभोवती गोळा झाले होते आणि नातू अगदी नायनांवर गेलाय की नाही, यावर वाद घालत होते.

जेवणं झाल्यावर अत्ताने फर्मान काढलं, की चित्रात जसे आहेत तसेच सगळे खाली उभे राहा, फोटो काढू. मध्ये खुर्ची ठेवली. नायनांच्या खुर्चीत कोण बसणार म्हणून सगळे थबकले, तर अत्ताच जाऊन बसली आणि नातवाला मांडीवर ओढलं. शेजारी अम्मा. मागं श्रीनिवास आणि त्याची बायको. माधवी स्वयंपाकघरातून आली, ओढणीला हात पुसत, आणि खुर्चीपासून हातभर लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. माझ्या हातात कुणीतरी मोबाईल दिला. मोबाईलने आमचा धंदा बसवला म्हणून मी त्याला शिव्या देतो, पण त्या वेळी नाही म्हणता येईना. मी तो डोळ्यापुढं धरला. सगळे मावत होते, माधवी अर्धी कापली जात होती. मी हाताने तिला आत यायची खूण केली. तिने मानेनेच, असू दे, असं सांगितलं.

श्रीनिवासने वळून बघितलं. सहा वर्षांत त्याने तिला कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती.

"अक्का," तो म्हणाला, "आत सरक की. तिथं उभी राहिलीस तर फोटोत येत न्हाईस."

मी चार फोटो काढले. चारही हलले. काकांचं वय झालंय, असं म्हणून सगळ्यांनी मला माफ केलं आणि मोबाईल दुसऱ्याच्या हातात दिला.